काचेपलीकडचा गोब्रा

तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल माझं मत कित्येक वर्षं पक्कं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचे. मासे डांबून ठेवायची ही जागा बंद व्हायला हवी, असं ते मत. मुलगी चौथीत असताना शाळेची सहल राणीची बाग आणि तारापोरवाला बघायला निघाली, तेव्हा मी तिला पाठवलं नाही. बाईंना तशी चिठ्ठी लिहिली. वर्ग सहलीला गेला आणि ती घरी बसून रडली. आपण माशांच्या बाजूने उभे आहोत, असं मी तिला दिवसभर समजावत राहिले. त्या दिवशी मी चुकले, हे आज इथे कबूल करते.

माझं मत अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. देशात डॉल्फिनचे खेळ सुरू करायच्या योजना पुढे आल्या, तेव्हा त्यांना मोठा विरोध झाला आणि मे 2013मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा केंद्रांना परवानगी देऊ नका, असं कळवलं. त्या काळात मी या विषयावर हाती लागेल ते वाचत होते. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भोवताल ओळखतो आणि मोकळ्या समुद्रात दिवसाला कित्येक मैल कापतो. अशा प्राण्याला हौदात ठेवणं मला तेव्हा क्रूर वाटलं, आजही वाटतं. पण तिथे न थांबता मी तोच न्याय पर असलेल्या प्रत्येक जिवाला लावला. विचार न करता लावला. तारापोरवालाच्या पायऱ्या मी लहानपणानंतर एकदाही चढले नव्हते.

चढले ती 2018च्या जून महिन्यात, आमच्या मावशींमुळे. या कोळीण मावशी वीस वर्षं आमच्या दारी मासळी घेऊन येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि मावशींची पाटीही रिकामी असते. नातवाची शाळा अजून उघडायची होती. ‘बाय, पोरगा रोज त्या काचेच्या बोगद्याचं नाव काढतंय. तुमी चला ना संगती. पाटीवरचं मना काय वाचता येत नाय.’ वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. माझं तत्त्व त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि ते सांगणं मला जमलं नाही.

मरीन ड्राइव्हवरची ती इमारत 1951 सालची. एका पारशी दानशूराने दिलेल्या देणगीमुळे तिला तारापोरवाला हे नाव मिळालं. नूतनीकरणानंतर 2015मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा दाराशी बारा फुटांचा पारदर्शक बोगदा आला. रस्त्यापलीकडे खरा समुद्र होता. त्या दिवशी तो गढूळ होता, खवळलेला होता आणि कठड्यावर आपटून उडत होता. आत शिरलो तर निळसर उजेड आणि शांत पाणी. नातू बोगद्यातून तीनदा फिरून आला. मावशी मात्र खाऱ्या पाण्याच्या एका टाकीपुढे थबकल्या.

टाकीत गोब्रा होता. जाड ओठांचा, अंगभर ठिपके असलेला, हातभर लांब. मावशींनी आयुष्यात असे किती गोब्रे कापले असतील, त्याची गणती नाही. कोयत्याने चिरा पडलेला आपला तळवा त्यांनी काचेवर टेकवला. गोब्रा सावकाश जवळ आला आणि त्या तळव्यासमोर थांबला. तोंड किंचित उघडायचं, पाणी आत जायचं, मग दोन्ही बाजूंची झाकणं उचलली जायची आणि पाणी मागे निघून जायचं. तोंड उघडायचं, झाकण उचलायचं. जरा थांबून पुन्हा तेच.

‘बग बाय, कल्लं,’ मावशी म्हणाल्या.

मासळी ताजी आहे हे गिऱ्हाइकाला पटवायचं, तर कोळीण अंगठ्याने कल्ल्याचं झाकण वर करून आतला लाल रंग दाखवते. वीस वर्षं मावशी मला तो दाखवत आल्या आणि तो लाल दिसला की मी मान डोलवत आले. तेच झाकण इथे कुणाचाही अंगठा न लागता उघडत होतं. त्या लालीत रक्त खेळत असतं. पाण्यातला प्राणवायू मासा तिथे घेतो. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी.

मावशी बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चालीस वरसं मासली विकतंय. मेलेला बगलाय, तरफरताना बगलाय. पोवताना कदी बगला नाय.’

माझं मत बदललं ते या वाक्याने. मासे काचेआड ठेवले की आपण त्यांच्याकडे करमणुकीची वस्तू म्हणून बघू लागतो, असा माझा सगळा युक्तिवाद होता. पण माझ्यासाठी मासा त्याआधीच वस्तू झालेला होता. त्याला भाव होता, तुकड्या होत्या, कालवण होतं. ज्याची दया येते असं मी म्हणत होते, त्याच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. शुक्रवारी पापलेट खायचं आणि शनिवारी मत्स्यालयाच्या विरोधात बोलायचं, यातली फट मला दिसत नव्हती.

त्या गोब्र्याबद्दल मी घरी येऊन वाचलं. या कुळातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि वयाने, आकाराने वाढल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे मोठेच मासे सतत काढत राहिलं, तर नर कमी पडू शकतात. बाजारात सर्वांत मोठा गोब्रा निवडताना हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. काचेपुढे उभी राहिले नसते, तर हे शोधायचं मला सुचलंही नसतं.

मत्स्यालय कशाला, किनाऱ्यावरच जावं, असं मला एका मैत्रिणीने सुनावलं. तिचं म्हणणं खरं आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक 2017पासून ओहोटीला किनाऱ्यावरच्या फेऱ्या काढतात. अशा एका फेरीत मी हाजी अलीच्या खडकांत प्रवाळ पाहिलं आणि खळग्यातल्या पाण्यात मिटून घेणारं समुद्रफूल पाहिलं. त्या आनंदाची सर टाकीला नाही. पण त्यासाठी मोठी ओहोटी लागते, शेवाळलेल्या खडकांवर तोल सांभाळणारे पाय लागतात. मावशींचे गुडघे तिथे चालत नाहीत. सोलापूरहून, जळगावहून एका दिवसासाठी मुंबई बघायला आलेल्या मुलांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक जुळवता येत नाही. त्यांच्यासाठी समुद्राच्या आतलं दिसायला तिकीट काढून उघडणारं ते एकच दार होतं.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. डॉल्फिन नको. लांब पल्ल्याचे, मोठ्या अंगाचे प्राणी नकोत. मासा कुठून आणला, कसा पकडला, हे प्रत्येक टाकीशी लिहिलेलं असावं, कारण खाऱ्या पाण्यातले बरेचसे शोभेचे मासे अजूनही प्रवाळांतून पकडूनच आणतात. विदूषक माशासारखे काही मासे आपल्याकडेही टाक्यांत वाढवता येतात, त्यांना प्राधान्य द्यावं. एवढं सांभाळून मत्स्यालय असावं. आणि त्यात आपल्याच पाण्यातला गोब्रा, पाकट, शेवंड असावी, शेजारी कोळ्यांच्या तोंडी असलेली त्यांची नावं असावीत.

2020च्या टाळेबंदीत तारापोरवालाची दारं बंद झाली. एके काळी या बातमीने मी समाधानाने मान डोलावली असती. प्रत्यक्षात मला आधी माझी मुलगी आठवली. मी तिच्याकडून काढून घेतलेली सहल आता तिला देता येणार नव्हती. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तेव्हा मासेच बघायचे होते गं, आई.’

मावशी अजून येतात. पाटी उतरवतात, अंगठ्याने कल्ला वर करतात. मी लाल रंग बघते. मग आम्ही दोघीही क्षणभर काही बोलत नाही.