पंधरा किलोमीटरच्या आत



या चातुर्मासात मी दिशेची मर्यादा घेतली होती. घरापासून पंधरा किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. आगार दोनच ठेवले, आजारपण आणि साधू-साध्वींचं दर्शन. महासतीजींकडून पच्चक्खाण घेताना मनात म्हटलं, साठी उलटून गेली, आता मला जायचंय तरी कुठे? आणि आठच दिवसांत फोन आला, "दुगारवाडीच्या धबधब्याला जायचं ठरलंय. डबे वाटून घेऊ."

आम्ही बीवायके कॉलेजच्या चौघी. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी एकमेकींना सोडलेलं नाही. नावं छापलेली त्यांना आवडणार नाहीत, म्हणून पत्त्यावरूनच ओळखा: पंचवटीवाली, सिडकोवाली, इंदिरानगरवाली. जैन मी एकटीच. इंदिरानगरवाली पुढच्या महिन्यात मुलाकडे बंगळुरूला चालली होती, कायमची. फ्लॅटचा व्यवहार झाला होता, भांडी वाटून झाली होती. तिच्यासाठीच ही सहल होती.

दुगारवाडी त्र्यंबकेश्वरच्या पुढे, जव्हारच्या रस्त्याला. तीस किलोमीटरच्या आत काही बसत नाही. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. त्यावर पंचवटीवाली म्हणाली, "व्रत तुझं, मग त्याची फी आम्ही का भरायची?"

मला उत्तर सुचलं नाही. व्रत माझ्या खात्यावरचा खर्च, तो दुसऱ्याच्या नावे कसा टाकणार? त्या रात्री झोप लागली नाही. वाटलं, एक दिवस मर्यादा मोडावी आणि नंतर प्रायश्चित्त घ्यावं. मग वाटलं, प्रायश्चित्ताचा हिशोब आधीच मांडून केलेली चूक ही चूक कसली, ती तर खरेदी झाली! आगार घेताना मैत्रीण गाव सोडून जाईल हे डोक्यात नव्हतं, एवढंच खरं.

सकाळी इंदिरानगरवालीचाच फोन. "सोमेश्वरला जाऊ. माझे गुडघे दुगारवाडीची उतरण उतरणार आहेत का? आणि मला सोमेश्वरच बघायचंय." २०२२च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीला अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले होते, त्याचीही तिनं आठवण करून दिली. पंचवटीवाली दोन दिवस फुगून होती.

सोमेश्वर माझ्या घरापासून नऊ किलोमीटर. गंगापूर रोडनं सोमेश्वर महादेवाच्या देवळावरून पुढे गेलं की गोदावरी काळ्या खडकांवरून रुंदच्या रुंद खाली उडी घेते. उंची फार नाही, पण पाणी असलं की सगळा खडक दुधासारखा पांढरा दिसतो. कॉलेजात असताना आम्ही सायकलींवर जायचो. मात्र वर गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच तिथे मजा. म्हणून निघण्याआधी पेपरात विसर्गाचा आकडा पाहिला. तो फार मोठा असता तर सरळ घरी बसलो असतो. पूर म्हटला की आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कितपत पाणी आलं ते विचारतो, पण मला क्युसेकचा हिशोब करायची खोड आहे. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८,००० लिटर.

हा आकडा मी स्वयंपाकघरात उभी राहून काढला, गॅसवर पाणी उकळत असताना. चातुर्मासात मी अचित्त पाणीच पिते. गाळायचं, तीन उकळ्या आणायच्या, थंड करायचं. पावसाळ्यात ते तीन प्रहरच चालतं, पुढे पुन्हा सचित्त. इथे माझी चार लिटरची जयणा आणि तिथे सेकंदाला हजारो लिटर अप्काय खडकावर आपटणार, आणि मी ते बघायला डबा घेऊन निघालेली. मला हसू आलं, पण थोडं चरकायलाही झालं.

डब्यात तिखट पुऱ्या, मूगडाळीची कचोरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी. पालेभाजी नाही, बटाटा नाही. तिघींनी गाडीवरची कांदाभजी घेतली आणि माझ्या कचोऱ्याही संपवल्या.

धबधब्याजवळ मी लांबच कोरड्या दगडावर बसले. खाली पाहिलं तर दगडाच्या फटीत मुंग्यांचं बीळ, शेजारी कोंब फुटलेलं कसलंसं बी, हिरवी लव, पुढे शेवाळ, चिखल, आणि दोन काड्यांमध्ये कोळ्याचं जाळं, तुषारांनी भरलेलं. मैत्रिणींनो, इरियावहियंमध्ये ही सगळी यादी आहे ना? बी, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळं, शेवाळ, पाणी, माती, कोळ्याचं जाळं. पन्नास वर्षं सामायिकाच्या सुरुवातीला मी ते एका दमात म्हणत आले. फरशीवर, बंद खोलीत, जिथे यातलं एकही नसतं. त्या दगडावर बसून पहिल्यांदा ते पाठ नसून कोणीतरी नीट पाहून लिहिलेलं वाटलं.

तेवढ्यात इंदिरानगरवाली म्हणाली, "मला पुढे त्या कठड्यापर्यंत जायचंय. हात धर." मधे सगळं शेवाळ. पंचवटीवाली लगेच म्हणाली, "तिला नको, मी येते." पण हिनं माझाच हात धरला होता.

मी उठले. चपला काढल्या, एकेक पाऊल बघून ठेवलं, तरी शेवाळ पायाखाली आलंच. कठड्याशी पोचलो तेव्हा तोंडावर तुषार आले, चष्मा धूसर झाला, आवाजात काही ऐकू येईना. ती काहीतरी बोलत होती, बहुधा रडतही होती. मी नुसती मान हलवत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मला फार बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

सूर्यास्ताच्या आत चोविहार करायचा म्हणून साडेपाचला निघालो. गाडीत पंचवटीवाली म्हणाली, "बरं झालं बाई, दुगारवाडीला आपलं चौघींचं काही खरं नव्हतं." तिच्याकडून एवढं म्हणजे खूप.

संध्याकाळी प्रतिक्रमणात शेवाळ आलं तिथे मी थांबले. पाय दिला त्याचं मिच्छामि दुक्कडं मनापासून दिलं. बरं वाटलं त्याचं काही केल्या देता येईना. दुसऱ्या दिवशी स्थानकात महासतीजींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी पहिलीसाठी दोन सामायिकं जास्तीची सांगितली. दुसरीवर काही बोलल्या नाहीत, तिचं नाव काय एवढंच विचारलं.

परवा बंगळुरूहून फोन होता. तिथे पाऊस रोज असतो म्हणे, पण आवाज नाही. आणि चटणीत लाल तिखट किती घालतेस? वाटीभर दाण्यांना दोन चमचे, मी सांगितलं, आणि मीठ शेवटी.