टांगलेले चाक

काही शब्द आपल्या भाषेत इतके बेमालूम मिसळून जातात की त्यांच्या जन्मगावी त्यांना फारसे कुणी ओळखत नाही आणि आपल्याकडे मात्र त्यांच्यावाचून कुणाचे चालत नाही. 'स्टेपनी' हा असाच एक शब्द. त्याला 'राखीव चाक', 'जादा चाक' असे प्रतिशब्द सुचवता येतील. पण साकोलीच्या आसपास महामार्गावरील पंक्चरच्या दुकानात जाऊन कुणी 'राखीव चाक' मागून पाहावे, म्हणजे प्रतिशब्दांची मर्यादा ध्यानात येईल.

शब्दाचा उगम वेल्समधील लॅनेली या गावातला. मोटारींच्या आरंभकाळात गाडीसोबत जादा चाक नसे. टायर फुटले की ते रस्त्यातच उतरवून दुरुस्त करीत बसावे लागे. १९०४ च्या सुमारास टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी आरे नसलेले, हवेच्या टायरचे एक कडे तयार केले. फुटलेल्या चाकावरच ते बाहेरून आवळून बसवायचे आणि पुढे निघायचे. त्यांचे काम स्टेपनी स्ट्रीटवर चाले, म्हणून हे चाकही स्टेपनी झाले. इंग्लंडात हा शब्द आता जवळजवळ विस्मरणात गेला आहे. भारतात, बांगलादेशात आणि माल्टात तो जिवंत आहे, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत 'एस्तेपे' होऊन नांदतो आहे. मूळची स्टेपनी जखमी चाकाला हटवून त्याची जागा घेत नसे, त्याला धरून चालत असे. ही अर्थच्छटा प्रवासात कुठे तरी गळून पडली. उलट आपल्या बोलण्यात हा शब्द माणसांनाही लागला, आणि लागला तो हिणवण्यासाठीच. त्याकडे पुढे येऊ.

आम्हां मंडळींचा या वस्तूशी जवळून संबंध आला तो एका ट्रेलरमुळे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा घर ओढत नेण्याच्या कल्पनेची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. भंडारा जिल्ह्याला मात्र गाडीत संसार भरून निघणे नवे नाही. पूर्वी बैलगाडीने, नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने ते चालतच आले आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक. या मंडयांतून पुस्तके न्यावीत म्हणून आम्ही चार-पाच जणांनी जीपमागे ओढायचा एक दुचाकी ट्रेलर बांधून घेतला. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या फळ्या, मधे दोघांना पाठ टेकण्यापुरत्या दोन बाकड्या. लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी असा त्याचा फेरा. पुस्तके कशी लावावी याचा आम्ही बराच विचार केला होता. सर्वांत जास्त विचार करावा लागला तो मात्र स्टेपनी कुठे ठेवावी याचा.

ट्रेलर बांधणाऱ्या कारखान्याने ती मागच्या बंपरच्या नळीला एक कंस वेल्ड करून त्यावर लावून दिली होती. दिसायला ते फार छान दिसे. आमच्यातल्या एका सावध मित्राने तिला चौकटीला गुंडाळून एक जाड साखळी आणि कुलूप घातले होते, चोरीच्या भयाने. लाखांदूरच्या वाटेवर एका रात्री मागून खडखडाट ऐकू आला म्हणून उतरून पाहिले, तर वेल्डिंगचा जोड उकललेला आणि वीस किलोंच्या आसपासचे ते चाक केवळ साखळीवर लोंबकळत होते. साखळी नसती तर ते मागून येणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वाराच्या अंगावर गेले असते. नंतर कळले की बंपरची पातळ नळी असे वजन सतत हादरत बाळगण्यासाठी नसतेच. प्रत्येक खड्ड्यात ते चाक तिला पिरगाळत असते. जोड एक आणि आधार दोन, हा धडा तेव्हापासूनचा: धरून ठेवणारा बोल्ट वेगळा, आणि तो तुटलाच तर पडू न देणारी साखळी वेगळी.

मागे चाक टांगण्यात आणखी एक दोष आहे, आणि तो सांगायला आपल्या भाषेत शब्द तयार आहे: उलाळ. बैलगाडीत ओझे मागे गेले की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते. ट्रेलरचेही तेच. एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे पुढे पडायला हवा. तो कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. म्हणून आम्ही स्टेपनी पुढच्या त्रिकोणी दांड्यावर आणली. चौकटीखाली टांगण्याचा पर्यायही होता. त्याने वजन खाली राहते, चाक नजरेआड राहते. परंतु धानाच्या बांध्यांतून जाणाऱ्या वाटांचा चिखल तिथे थापला जातो, बोल्ट गंजतो, आणि गरज पडते तेव्हा भरल्या ट्रेलरखाली, अंधारात आडवे होऊन तो सोडवावा लागतो. ज्या वस्तूची गरज अडचणीतच लागायची, ती अडचणीत हाताशी येईल अशीच ठेवली पाहिजे.

जागा ठरली तरी काम संपत नाही. जॅक ट्रेलरच्या उंचीला पुरतो का, पाना त्याच्याच नटांना बसतो का, हे घरीच पाहावे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि चाक बदलल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळावेत. कुलपात तेलाचा थेंब असावा. नव्या मोटारींतून जादा चाक हळूहळू नाहीसे होत आहे. हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीची पेटी असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनीची सक्ती २०२० पासून उरलेली नाही. परंतु ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचे चाक बसले तरी चालकाला ते पुष्कळदा जाणवतच नाही. कळेपर्यंत टायरच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि चिंध्यांना कुठली पेटी सांधणार?

साकोलीच्या पंक्चरवाल्याने आमच्या स्टेपनीची हवा तपासली तेव्हा ती निम्म्यावर आली होती. तो म्हणाला, "सर, चालतं चाक सारेच पायतेत, टांगलेलं कोन पायते?" मग त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. एकदाही जमिनीला न लागलेल्या त्या रबरावर बारीक भेगांचे जाळे पसरले होते.

त्या भेगांचे कारण समजून घेताना आम्हांला जे कळले ते सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच. रबरात ओझोनपासून बचाव करणारे मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरते, दबते, सैल होते, तेव्हा ते आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराला जपतात. टांगलेल्या टायरला ही हालचाल नसते. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन सोसत ते जागच्या जागी म्हातारे होते. काम केल्याने टायर झिजते हे खरे, पण काम न मिळाल्यानेही ते संपते, आणि हे संपणे वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही.

आता तो हिणवण्याचा प्रयोग. आमच्यापैकी दोघे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. शिकवलेल्या तासांपुरते मानधन, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची शाश्वती नाही. प्राध्यापक-कक्षात त्यांचा उल्लेख कधी कधी 'आमच्या स्टेपन्या' असा होतो. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेलही. परंतु त्या शब्दात एक अपेक्षा गृहीत आहे: जो वर्षानुवर्षे टांगलेला आहे, ज्याची हवा कुणी तपासलेली नाही, त्याने बोलावल्या क्षणी पूर्ण ओझे पेलावे. आणि भेगा दिसल्या की दोष पुन्हा त्याचाच. गुणवत्तेची चर्चा आपण सारेच करतो. टांगून ठेवण्याची चर्चा क्वचित होते.

महाविद्यालयांचा प्रश्न आमच्या हातातला नाही. ट्रेलरचा होता. स्टेपनीला आम्ही ऊन अडवणारे जाड आवरण शिवले. मंडईचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तिन्ही चाकांची हवा एकाच दिवशी तपासू लागलो. भेगाळलेले टायर काढून तिन्ही एकाच मापाची घेतली. आणि दर हंगामाअखेर त्यांची पाळी बदलतो: टांगलेले खाली येते, धुऱ्यावरचे एक टांगले जाते. यंदा डाव्या अंगाने पुस्तके वाहणारे चाक गेल्या वर्षी दांड्यावर होते. पाहणाऱ्याला आता तिन्हींतले कोणते स्टेपनी, ते सांगता येत नाही.