झियांचा सूर्य

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचा ध्वज एका वाक्यात सांगता येतो: पिवळ्या कापडाच्या मधोमध लाल सूर्य. एक वर्तुळ आणि त्यातून चार दिशांना निघालेले चार-चार किरण. ना अक्षर, ना गरुड, ना राजमुद्रा. रचनेची मापे राज्याच्या कायद्यातच दिली आहेत. रुंदी लांबीच्या दोन-तृतीयांश, वर्तुळाचा व्यास चिन्हाच्या एक-तृतीयांश, प्रत्येक गटातले आतले दोन किरण बाहेरच्या दोघांपेक्षा एक-पंचमांशाने लांब. शाळकरी मुलालाही पट्टी आणि कंपास घेऊन तो काढता येईल. उत्तर अमेरिकेतील ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ७२ ध्वजांची पाहणी केली, तेव्हा हाच पहिला आला.

मी ट्रेडमार्कची वकिली करते. चिन्ह कुणाचे आणि ते कुणी वापरायचे, हे ठरवण्यात माझे दिवस जातात. त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचारात पाडणारे चिन्ह हेच आहे.

न्यू मेक्सिको ६ जानेवारी १९१२ रोजी अमेरिकेचे ४७वे राज्य झाले. त्याचा पहिला ध्वज १९१५चा, राल्फ इमर्सन ट्विचेल या वकील-इतिहासकाराने केलेला. निळ्या कापडाच्या एका कोपऱ्यात अमेरिकेचा छोटा ध्वज, दुसऱ्यात ४७चा आकडा, तिसऱ्यात राज्याची मुद्रा आणि तिरके लिहिलेले राज्याचे नाव. काहीच सोडायचे नाही म्हटले की असे होते. पुढच्या दशकात 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या महिला संघटनेने नव्या ध्वजासाठी स्पर्धा घेतली. ती सांता फेच्या हॅरी मेरा यांनी जिंकली. पेशाने डॉक्टर, पण ओढा पुरातत्त्वाकडे. जुन्या मडक्यांवरची नक्षी त्यांच्या नजरेत मुरलेली. पत्नी रेबा यांनी नमुना शिवला आणि मार्च १९२५ मध्ये तो राज्यध्वज झाला.

हा सूर्य मेरांनी मनाने काढलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात झिया गावात घडलेल्या एका मडक्यावर तो होता. घडवणाऱ्या हातांचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही. झिया हे अल्बुकर्कीच्या वायव्येला, हेमेझ नदीकाठी वसलेले पुएब्लो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे मातीच्या घरांचे गाव. या लोकांना चार हा आकडा पवित्र. दिशा चार, ऋतू चार, पहाट-दुपार-संध्याकाळ-रात्र असे दिवसाचे भाग चार, आयुष्याच्या अवस्था चार. माणसाची कर्तव्येही चार: शरीर बळकट ठेवणे, मन स्वच्छ ठेवणे, आत्मा शुद्ध ठेवणे आणि आपल्या लोकांच्या भल्यासाठी झटणे. या साऱ्यांना बांधून ठेवणारे ते मधले वर्तुळ. ध्वजावर आपण सोळा रेघा पाहतो; झियांना त्यात जगण्याची सगळी रीत दिसते.

आता रंग. लाल आणि पिवळा हे राणी इसाबेलाच्या स्पेनचे रंग, म्हणून ते घेतले असे सांगतात. पण याच स्पेनची सत्ता १६८०च्या उठावात पुएब्लोंच्या रहिवाशांनी हाकलून दिली होती. १६८९ मध्ये स्पॅनिश फौज झियावर चालून आली, गाव जाळले, शेकडो माणसे मारली. त्या फौजेपुढे लाल-पिवळे निशाण नसणार. त्या काळी स्पेनच्या निशाणावर बर्गंडीचा लाल तिरपा क्रूस असे आणि लाल-पिवळा स्पॅनिश झेंडा १७८५ पासूनचा. तरी न्यू मेक्सिकोच्या ध्वजावर ते स्पेनचे रंग म्हणूनच आले. जळालेल्या गावाचा सूर्य जाळणाऱ्यांच्या रंगांत रंगवला गेला. ध्वजाची थोरवी सांगताना हे गाळले जाते, आणि ते गाळू नये असे मला ठामपणे वाटते.

कायदा इथे काय देतो? राज्याचा ध्वज कुणालाही ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, असे अमेरिकेचा १९४६चा ट्रेडमार्क कायदा सांगतो. ऐकायला हे संरक्षण वाटते. पण ते राज्याच्या ध्वजाला आहे, झियांच्या चिन्हाला नाही. शिवाय नोंदणी नाकारली म्हणून वापर थांबत नाही. हा सूर्य टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. कॉपीराइट निर्मात्याचा आणि ठरावीक मुदतीचा. इथे निर्माता अनाम आणि हक्क सांगणारे अख्खे गाव, तेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतीने. १९९०च्या दशकात झियांनी राज्याकडे वापराच्या प्रत्येक वर्षाचा मोबदला मागितला. तो मिळाला नाही. मात्र त्यांच्या तक्रारीची दखल वॉशिंग्टनपर्यंत गेली. आदिवासी जमातींच्या चिन्हांचा अभ्यास करण्याचे काम १९९८च्या कायद्याने पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाला दिले आणि २००१ पासून अशा चिन्हांचा संग्रह तिथे ठेवला जाऊ लागला. अर्ज तपासणारा अधिकारी तो पाहतो, एवढेच. त्याने जमातीला नवा हक्क मिळत नाही. ज्या मडक्यावरून मेरांनी सूर्य घेतला, ते मात्र २००० साली झियांकडे परत गेले. ते विधीचे भांडे गावाबाहेर जायलाच नको होते, असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या कामात हाच पेच वारली चित्रांबाबत येतो. लग्नघरी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे, पण ते मालाला लागते. देवीचा चौक उचलून कुणी हॉटेलची भिंत सजवली, तर त्याला अडवायला ते अपुरे पडते.

१९६३ पासून न्यू मेक्सिकोच्या ध्वजवंदनेत झियांच्या सूर्याला एकत्र आलेल्या संस्कृतींच्या परिपूर्ण मैत्रीचे चिन्ह म्हटले जाते. मी हे शब्द गांभीर्याने घेते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराच्या ध्वजावरही हा सूर्य होता. २०१८ मध्ये शहराने तो काढला. न्यू मेक्सिकोने तसे करावे असे मला वाटत नाही. तिथल्या लोकांचा या ध्वजावर जीव आहे आणि झियाही त्याच राज्याचे रहिवासी आहेत. झियांची परवानगी घेऊन हे चिन्ह वापरणारे, बदल्यात त्यांना देणगी देणारे व्यावसायिकही आहेत. त्यांनी आपणहून केले ते विधिमंडळाने बंधनकारक करावे: व्यापारी वापराला झियांची संमती लागेल आणि त्या कमाईतला वाटा त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला जाईल, असे कलम ध्वजाच्या कायद्यात घालावे.