सांता फेच्या चौकातील संत

अमेरिकेत देवाच्या मूर्तींचा बाजार भरतो, असे मुलीने सांगितले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. परंतु जुलैच्या अखेरच्या आठवड्यात तिने मला न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथे नेले आणि ते खरे निघाले. स्पॅनिश वसाहतकारांनी १६१० च्या सुमारास वसविलेले हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. मातीच्या रंगाची बसकी घरे, मध्ये झाडांनी वेढलेला चौक आणि चौकाभोवती पांढऱ्या कनाती, असे त्या सकाळचे दृश्य होते.

बाजाराची कथा रोचक आहे. वसाहतीच्या काळात मेक्सिको नगराहून येथे माल यायचा तो बैलगाड्यांच्या तांड्यांतून, महिनोन्‌महिने प्रवास करून. चर्चसाठी मूर्ती मिळणे दुरापास्त. तेव्हा गावातील सुतारांनीच कॉटनवुड वृक्षाच्या मुळांतून संत कोरले, पाइनच्या फळ्यांवर रंगविले. कोरीव मूर्तीला ‘बुल्तो’, रंगविलेल्या फळीला ‘रेताब्लो’ आणि कारागिराला ‘सांतेरो’ म्हणतात. पुढे रेल्वेने कारखान्यांतील प्लास्टरच्या मूर्ती व छापील चित्रे आणली आणि ही कला मागे पडली. १९२५ मध्ये लेखिका मेरी ऑस्टिन व चित्रकार फ्रँक ॲपलगेट यांनी तिच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली. पुढच्याच वर्षी पहिला बाजार भरला. मध्ये खंड पडला, आणि १९६५ पासून तो पुन्हा सुरू झाला.

मी सर्वांत अधिक काळ रेंगाळले ती संत इसिद्रोपाशी. हा शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेत मग्न असताना देवदूत त्याचे शेत नांगरतो, अशी कथा. म्हणून मूर्तीत त्याच्याजवळ बैलांची इवलीशी जोडी असते. आमचा सांगली-कोल्हापूरकडील जैन समाज बहुतांशी शेतकरी. ती बैलजोडी पाहून मला माहेरचा गोठा आठवला. पलीकडे लाकडी गाड्यात बसलेला, हाती धनुष्यबाण घेतलेला एक सांगाडा होता: दोन्या सेबास्तियाना, म्हणजे मृत्यू. लहान मुलेही त्याच्याकडे न भिता पाहत होती. अनित्य भावनेची इतकी सरळ मूर्ती मी आपल्याकडेही पाहिलेली नाही.

विणकरांच्या कनातीत मात्र माझी कसोटी लागली. चुर्रो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीची एक घोंगडी होती, तिचा लाल रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा. नातीसाठी ती घ्यायचीच, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. रंग कशाचा, असे सहज विचारले. विणणाऱ्या वृद्ध बाईंनी अभिमानाने सांगितले: कोचिनीलचा. हा निवडुंगावर राहणारा किडा. तो वाळवून, कुटून रंग काढतात. एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागतात.

माझा हात आपोआप मागे आला. बाईंना वाटले, किंमत जास्त वाटली. मुलीने त्यांना समजावले. त्या रागावल्या नाहीत. निळीने रंगविलेली दुसरी घोंगडी पुढे केली. मी ती उलगडून पाहत होते, तोच मुलगी मराठीत हळूच म्हणाली, “आई, तुझ्या इरकलीचा पदर रेशमाचा आहे ना?”

मी काहीच बोलले नाही. कोश उकळून रेशीम काढतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. चाळीस वर्षे मी तो पदर डोक्यावर घेऊन मंदिरात गेले आहे.

निळी घोंगडी घेतलीही नाही. न घेण्याला कारण मात्र सापडेना. रेताब्लोंकडे वळले तर तेथेही फळीवरील पांढरा लेप जिप्सम आणि प्राण्यांच्या चामड्याचा सरस यांचा, असे कळले. अखेर पत्र्याच्या कामाच्या कनातीत थांबले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व्यापारी व सैन्याबरोबर डबे आले आणि येथील लोकांनी रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून, ठोकून संतांच्या चित्रांना चौकटी केल्या. त्यातील काही डबे चरबीचेही असत, हे मुलीने सांगितलेच. पण मी पाहत होते ती चौकट नव्या पत्र्याची होती.

“यात कोणता संत बसवणार?” कारागिराने विचारले.

“बाहुबली.”

“तो कशासाठी पावतो?”

मुलीने प्रश्न मराठीत सांगितला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी सांगितले की तो काही देत नाही, त्याच्याकडे काही मागायचे नसते. तो उभा राहिला, आणि वेली त्याच्या पायांवरून चढत गेल्या. कारागिराने क्षणभर विचार केला. मग माझ्या हातातील चौकट परत घेतली आणि मागच्या खोक्यातून कडेने पाने ठोकलेली दुसरी काढून दिली. किंमत तीच घेतली.