एका वाकण्याची दोन क्रियापदे

शब्दकोश पर्याय देतो. निवड मात्र आपल्यालाच करावी लागते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द मांडण्याची सोय इतकी जुनी आहे. परंतु शेजारी बसलेले दोन शब्द एकाच घरातले असतात असे नाही. आईविषयी लिहिलेल्या दोन पानांचे इंग्रजी भाषांतर करताना मला याचा प्रत्यय आला.

आईचे निम्मे आयुष्य कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या पावसात भाताची रोपे लावण्यात गेले. मूळ वाक्य साधे होते : ‘आई दिवसभर वाकून रोप लावायची.’ या ‘वाकून’साठी इंग्रजीत क्रियापदांची रांगच उभी राहिली.

त्यांतील काही लगेच बाजूला झाली. ‘स्क्वॉट’ म्हणजे उकिडवे बसणे. तालमीतल्या बैठकांनाही आज तोच शब्द लावतात. ‘क्राउच’मध्ये गुडघे दुमडून अंग आवळून घेणे असते, लपण्यासाठी किंवा झेप घेण्यासाठी. शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात पवित्रा घेऊन प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेणाऱ्या मल्लाला तो शोभतो. ‘नील’ला जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. रोप लावणारी बाई मात्र चिखलात पाय रोवून कमरेतून वाकते आणि एकेक पाऊल मागे सरकते. तिच्या डोक्यावरचे इरलेही वाकलेल्या पाठीच्या बेतानेच विणलेले असते.

उरले दोन शब्द : ‘बेंड’ आणि ‘स्टूप’. ‘बेंड’ केवळ शरीराची क्रिया सांगतो. ‘स्टूप’मध्ये खांदे आणि मान पुढे झुकतात, आणि नीतीच्या पातळीवरून खाली उतरणे हा अर्थही त्याला चिकटलेला आहे. आईच्या कष्टांना हीनपणाची ही छटा लागू नये, असे मला तीव्रतेने वाटले. ती स्वतः म्हणायची, “उभ्यानं रोप लागत न्हाई.” तिच्या लेखी ते वाकणे म्हणजे कोणापुढे नमणे नव्हते, ती कामाची रीत होती.

तरीही ‘स्टूप’ सहजासहजी टाकवेना. वाकून करावयाच्या शेतमजुरीला अमेरिकेत ‘स्टूप लेबर’ म्हणत. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या अवजाराने तासन्‌तास वाकून मजुरांच्या पाठी कामातून जात. त्या अवजाराचा वापर तेथे १९७५ साली बंद झाला. म्हणजे या शब्दात हिणवणे आहे तसे दुखणेही आहे. नुसते ‘बेंड’ लिहिले तर आईचा मान राहत होता, पण तिच्या पाठीने मोजलेली किंमत वाक्यातून गळून पडत होती.

विद्यार्थी मित्रहो, दोन शब्दांत अडकलो की आपण दोहोंतला अधिक चांगला कोणता, एवढेच विचारतो. प्रत्येकाची जागा कोणती, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. शेतातल्या आईसाठी मी ‘बेंड’ ठेवला, कारण तेथे ती वाके आणि बांधावर आली की पुन्हा ताठ उभी राही. अखेरच्या परिच्छेदात मात्र ती म्हातारी झाली आहे, शेत सुटले आहे आणि अंगणात चालतानाही तिची पाठ सरळ होत नाही. तेथे मी ‘स्टूप’ लिहिला. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘वाकणे’च होते, त्या दोहोंमध्ये गेलेली चाळीस वर्षे मला भाषांतर करताना दिसली.