दोन हिरव्या रेघा

हाडाची स्लाइड करायची तर आधी ते आम्लात बुडवून कॅल्शियम काढून टाकायचं, ही पॅथॉलॉजीतली रुळलेली वाट. आम्हाला ती चालत नाही, कारण आम्ही ज्याच्या मागावर आहोत ते कॅल्शियमच असतं. म्हणून उंदराच्या मांडीचं हाड तसंच टणक ठेवून अ‍ॅक्रिलिकच्या रेझिनमध्ये मुरवायचं आणि टंगस्टन कार्बाइडच्या सुरीने पाचेक मायक्रॉनचे काप काढायचे. सुरीची धार गेली असेल तर हाती भुगाच येतो.

प्राणी जिवंत असताना त्याला काही दिवसांच्या अंतराने दोनदा कॅल्सीन टोचलेलं असतं. त्या वेळी जिथे नवं हाड खनिज धरत असेल, तिथे हा रंग अडकून बसतो. फ्लुरोसन्ट सूक्ष्मदर्शकाखाली दोन हिरव्या रेघा दिसतात. मधलं अंतर भागिले दिवस, की हाड रचण्याचा वेग मिळाला. माणसांत हेच काम टेट्रासायक्लिनच्या गोळ्या करतात. रेघा पिवळ्या येतात इतकंच.

हा वेग ठाऊक नसताना किडनीच्या रोग्याच्या हाडाबद्दल छातीठोक बोलू नये, असं माझं मत आहे. किडनी मंदावली की फॉस्फेट साचतं, सक्रिय ड जीवनसत्त्व कमी बनतं आणि पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडत राहतात. दुखणं त्या ‘राहतात’मध्ये आहे. १९३२ साली हान्स सेली यांनी उंदरांना या ग्रंथीचा अर्क बेताने दिला तेव्हा हाड वाढलं होतं. त्याच हार्मोनचा एक तुकडा आज ऑस्टिओपोरोसिसवर रोजचं इंजेक्शन म्हणून देतात. पण तेच पंपाने चोवीस तास सोडा, हाड पोखरलं जातं.

रक्ततपासणीवर तरी किती विसंबावं? बर्सन आणि यालो यांच्या गटाने १९६३ साली हे हार्मोन मोजायची रीत दिली, पण त्याचे तुटके तुकडे बाहेर टाकते ती किडनीच. ती थकली की तुकडे रक्तात फिरत राहतात, आणि जुन्या चाचण्या त्यांनाही हार्मोन म्हणून मोजायच्या.

घनतेचा आकडा सारखाच असलेल्या दोन रोग्यांत एकाच्या हाडात जागोजागी रेघा असतात, दुसऱ्याच्यात जवळपास एकही नाही. पहिल्याचं हाड भराभर मोडतंय आणि रचलं जातंय; दुसऱ्याचं थंड पडलंय. फ्रॅक्चरचा धोका दोघांनाही. पण पहिल्याचं हार्मोन दाबावं लागतं, तर दुसऱ्याचं बहुधा आधीच जास्त दाबलेलं असतं. कमरेच्या हाडाची बायोप्सी करणारे मोजकेच, त्यामुळे बहुतेक डॉक्टरांना हा निर्णय रेघा न पाहताच घ्यावा लागतो.