मोडी पत्रांसाठी टीईआय आवळताना

मोडी पत्रांची लिप्यंतरं एक्सएमएलमध्ये साठवायची, पण खुणांची नवी भाषा घरी बनवायची नाही, एवढं आमचं ठरलेलं होतं. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, ही 1987 पासून अभ्यासकांनी मिळून वाढवलेली सार्वजनिक व्यवस्था आहे. 2007 साली आलेली तिची पी-5 आवृत्ती आजही वाढते आहे आणि तिच्यात पाचशेहून जास्त एलिमेंट आहेत. नाटकातले संवाद, कोशातल्या नोंदी, ध्वनिमुद्रित बोलणं, सगळ्याची सोय. आमची पंचाईत याच सुबत्तेनं केली.

पत्राच्या मायन्यातलं 'रा॥' घ्या. एका वाचकानं त्याला संक्षेपाची खूण केली, दुसऱ्यानं नुसतं वेगळं दिसणारं अक्षर मानलं, तिसऱ्यानं 'राजश्री' लिहून मूळ रूपच गाळलं. तिन्ही फाइली टीईआयच्या तपासणीत पास! पुढे शोधायला बसणाऱ्यानं काय करायचं?

अशा कातरकामासाठी टीईआयनंच ओडीडी हा प्रकार दिला आहे. नियम आणि त्यांचं स्पष्टीकरण एकाच फाइलीत लिहायचं; फाइली तपासणारा स्कीमाही त्यातूनच निघतो आणि वाचकांची मार्गदर्शिकाही. नाटक, पद्य, कोश ही मॉड्यूलं काढायला फार वेळ लागला नाही. एक बंधन मात्र मी कटाक्षानं पाळलं: आमच्या स्कीमात बसणारी प्रत्येक फाइल संपूर्ण टीईआयमध्येही बसलीच पाहिजे. म्हणून प्रत्येक फाइल दोन्हीकडे तपासायची. ऐच्छिक गोष्ट सक्तीची करता येते; सक्तीची गोष्ट ऐच्छिक केली की आपण वेगळी चूल मांडली.

यावरून मोडी वाचणाऱ्या बाईंशी वाद झाला. "अहो, आपण कुठे काय प्रकाशित करतोय? ती प्रकाशनाची नोंद उडवून टाका की," त्या म्हणाल्या. पण टीईआयच्या शीर्षभागात ती नोंद लागतेच. "बाई, 'अप्रकाशित' असं एक वाक्य घालू, पण जागा ठेवू," मी म्हटलं. त्यांना ते सरकारी अर्जातल्या 'लागू नाही'सारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आहेही तसंच.

शिक्क्यांच्या बाबतीत उलटं झालं. वरचा शिक्का आणि शेवटचा 'मोर्तब सूद' यांसाठी दोन नवी एलिमेंट हवीत, असा आग्रह होता. टीईआयमध्ये ठशासाठी एलिमेंट आहे. त्याचा प्रकार सक्तीचा केला आणि यादीत 'शिक्का' आणि 'मोर्तब' एवढेच दोन पर्याय ठेवले. बाई लगेच खूश झाल्या.

तारखांचं दुखणं मात्र याद्यांनी बरं होणारं नव्हतं. पत्रात 'इहिदे सितैन मया व अलफ' असतं, म्हणजे शुहूर सन 1161. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन येतो. म्हणून पानिपतची लढाई 1761 च्या जानेवारीतली असूनही सन 1161 च. दोन आकड्यांमधला असा हिशेब स्कीमाच्या व्याकरणात मांडता येत नाही. तो नियम स्किमॅट्रॉन या तपासणी-नियमांच्या भाषेत लिहून ओडीडीतच बसवला. फरक 599 किंवा 600 आला नाही की फाइल लाल. महिना मृगाआधीचा की नंतरचा, हे वाचकानंच बघायचं. इतकं सगळं यंत्रावर सोपवण्यात मला अर्थ वाटत नाही.

सर्वात जास्त खटके गाळलेल्या मजकुराच्या कारणांवरून उडाले. टीईआयमध्ये तिथे मनातलं कारण लिहिता येतं. मी यादी बंद केली: फाटलेलं, वाळवी, शाई-पसरलेली. सगळ्यांना 'इतर' हवं होतं. मी दिलं नाही, कारण दिलं असतं तर महिन्याभरात निम्मी यादी 'इतर' झाली असती. नवं कारण सापडलं की मला फोन करायचा, मी ते ओडीडीत घालून स्कीमा पुन्हा काढायचा आणि जुन्या फाइली परत तपासायच्या. परवा बाईंचा फोन आला. कुणीतरी पूर्वी दुरुस्तीसाठी चिकटवलेल्या कागदाखाली दोन ओळी गेल्या होत्या. यादीत 'चिकटवण' आलं.